पहिलाच गुन्हा आणि थेट मोक्का? भाच्याबद्दल सल्ला हवा आहे

भोरची लेक

नमस्कार. माझ्या सख्ख्या भावाच्या मुलाबद्दल विचारायचं आहे. वय वीस. आयटीआय झालंय, एका वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागला होता. भाऊ रिक्षा चालवतो, वहिनी डबे करते. पुण्याच्या एका उपनगरात वस्तीत राहतात.

वस्तीत एक ‘भाई’ आहे. वाढदिवसाला त्याचे फ्लेक्स लागतात, भर रस्त्यात तलवारीने केक कापतात, पोरं ते व्हिडिओ स्टेटसला ठेवतात. भाचाही ठेवायचा. भावाने त्यावरून त्याला मारलंही होतं. पण रात्री उशिरा कामावरून यायचं, कोपऱ्यावर तीच पोरं, तिथेच गप्पा. बापाला तरी किती बघता येणार?

दोन महिन्यांपूर्वी शेजारच्या वस्तीतल्या पोरांशी काही जुना वाद निघाला आणि हे सात-आठ जण दुचाक्यांवरून तिकडे गेले. कोयते होते. रस्त्यावरच्या गाड्या फोडल्या, एका मुलाच्या डोक्यात आणि हातावर वार केले, त्याचा मोबाईल आणि खिशातले पैसे काढून घेतले. भाचा एक गाडी चालवत होता. फिर्यादीतही त्याच्याबद्दल तेवढंच लिहिलंय, हत्यार असल्याचं नाही. तो निर्दोष आहे असं सांगायला मी आलेली नाही. तो गेला, गाडी चालवली, एका आईचा मुलगा रक्ताच्या थारोळ्यात पडलेला असताना तिथून परत आला. हे आम्हाला कळतंय आणि त्याचं दुःखही आहे.

आधी खुनाचा प्रयत्न आणि हत्यारांची कलमं होती. नंतर एक दिवस पेपरातच वाचलं, ‘टोळीप्रमुखासह आठ जणांवर मोक्का’, म्हणजे तो महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कडक कायदा. भाईवर खंडणीचे, मारामारीचे आधीचे गुन्हे आहेत. भाच्यावर यापूर्वी साधी एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रारसुद्धा नाही. मग मोक्का कसा? जामीन खरंच मिळत नाही का? काही जण म्हणतात वर्षभर विसरा, काही म्हणतात पाच वर्षं. सध्या तो येरवड्यात आहे.

आणखी एक. भाईच्या माणसाने भावाला निरोप पाठवलाय की सगळ्या पोरांना वकील एकच दिलाय, फी आम्ही बघतो, तुम्ही फक्त वकीलपत्रावर सही घेऊन या. भावाकडे पैसे नाहीत, त्यामुळे तो सही करायच्या बेतात आहे. मला ते बरं वाटत नाही, पण का ते नीट सांगता येत नाही.

---

रानवारा

ताई, काळजी करू नका. मोक्का लागायला दहा वर्षांत किमान दोन चार्जशीट असावी लागतात. भाच्यावर एकही नाही म्हणजे हा मोक्का बेकायदेशीरच. थेट हायकोर्टात जा, पहिल्या तारखेला उडेल.

---

वकीलबाई

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण ते आज रात्रीच्या आत भावापर्यंत पोचायला हवं. त्या वकीलपत्रावर सही करू नका.

मी सत्र न्यायालयात फौजदारी बाजूला काम करते आणि मोक्क्याच्या बऱ्याच आरोपींसाठी उभी राहिले आहे. त्यात पंचविशीच्या आतली पोरं फार. त्यांची प्रकरणं बहुतेक वेळा इथेच बिघडतात. सगळ्यांचा वकील एक, पैसे टोळीप्रमुखाचे. अशा वकिलाला तुमच्या भाच्याच्या वतीने ‘हा त्यांच्या टोळीतला नाही’ असं मोकळेपणाने म्हणता येत नाही, कारण त्याचा पक्षकार तर टोळीप्रमुख आहे आणि ‘टोळीच नाही’ हा त्याचा बचाव आहे. आठ जणांचे जामीन अर्ज एकाच मसुद्यातून, फक्त नाव बदलून टाकले जातात. तुमच्या मुलाच्या हातात हत्यार नव्हतं, त्याच्यावर आधीचा गुन्हा नाही, तो कामाला जायचा, या तीन गोष्टी त्या मसुद्यात बुडून जातात. आणि बाहेर आल्यावर ‘आम्ही तुझ्यासाठी किती खर्च केला’ हे कर्ज त्याच्या डोक्यावर राहतंच. आत असताना कॅन्टीनसाठी त्याच्या नावावर मनीऑर्डर कोण करतंय तेही बघा. पाचशे रुपये का होईना, ती बापाच्याच नावाने जाऊ दे.

पैशाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिलेला आहे. शिवाजीनगरला न्यायालयाच्या आवारात चौकशी केलीत तर कार्यालय सापडेल. तुरुंगातूनही तो स्वतः अर्ज करू शकतो. फुकटचा वकील म्हणजे कच्चा वकील, हा समज मनातून काढा. तिथे मनापासून काम करणारी माणसं मी पाहिली आहेत.

आता कायद्याकडे येते. रानवारा, तुमचा सल्ला ऐकून कुणी हायकोर्टात धावलं तर पैसेही जातील आणि वेळही. दोन चार्जशीटची अट खरी आहे, पण ती टोळीला लागते, प्रत्येक आरोपीला स्वतंत्रपणे नाही. कोल्हापूरच्या मटक्याच्या प्रकरणात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. मागच्या दहा वर्षांत टोळीच्या नावावर तीन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या दखलपात्र गुन्ह्यांची एकाहून अधिक दोषारोपपत्रं, म्हणजे चार्जशीट, असतील आणि न्यायालयाने त्यांची दखल घेतली असेल, तर त्या टोळीसोबत नव्या गुन्ह्यात आलेला नवखा मुलगाही मोक्क्यात येऊ शकतो. कायद्याच्या व्याख्येत टोळी दोन माणसांचीही होते. ‘आमचा गुन्हा पैशासाठी नव्हता’ हा बचावही आता फारसा चालत नाही. आर्थिक फायद्याबरोबर ‘इतर फायदा’ हे शब्द कायद्यात आहेत आणि त्यात वर्चस्वासाठी केलेली दहशतही बसू शकते, असा अर्थ मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०११ मध्ये लावला.

मग लढायचं कुठे? दुव्यावर. हा मुलगा टोळीचा सदस्य म्हणून, टोळीसाठी तिथे गेला होता का, हाच मोक्क्यातला खरा मुद्दा आहे. मारामारीत असणं आणि टोळीत असणं यात फरक आहे, आणि तो फरक दाखवायचं काम बचावाच्या वकिलाचं. मोक्क्याखाली गुन्हा नोंदवायला उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते. पुण्यात ती अपर पोलीस आयुक्त देतात. त्या मंजुरीच्या आदेशाची आणि त्यामागच्या प्रस्तावाची प्रत वकिलाकडून मिळवा. त्यात एक तक्ता असतो, कोणावर कोणते गुन्हे, कोण कोणासोबत. भाच्याच्या नावापुढे काय लिहिलंय ते बघा. तिथे फक्त हाच एक गुन्हा असेल आणि ‘टोळीचा सदस्य’ एवढे दोनच शब्द असतील, तर जामिनाच्या अर्जात वकिलाने तिथूनच सुरुवात करायची. त्याचे टोळीप्रमुखाशी फोन किती, पैशाची देवाणघेवाण आहे का, आधीच्या एखाद्या प्रकरणात साक्षीदाराने त्याचं नाव घेतलंय का, हे सगळं तपासात येईल.

ते स्टेटसचे व्हिडिओ मात्र घरातल्या कुणीही, कुठल्याही फोनवरून काढून टाकू नका. पुरावा नष्ट केल्याचा नवा गुन्हा घरच्यांवर येईल. तलवारीच्या केकचा व्हिडिओ ठेवणारी पोरं वस्तीत शंभर असतात, एवढ्यावरून कुणी टोळीचा सदस्य ठरत नाही हे वकिलाला मांडता येतं. पण पुसलेला व्हिडिओ समजावून सांगता येत नाही. उलट त्याच्या रोजच्या आयुष्याचे कागद गोळा करा. वर्कशॉपचा हजेरीपट, बँकेत आलेला पगार, आयटीआयचं प्रमाणपत्र, मालकाचं पत्र. मालक घाबरत असेल तर त्याच्या पाया पडा, पण पत्र आणा.

जामीन मिळत नाही हे अर्धंच खरं आहे. अटकपूर्व जामीन या कायद्यात नाही. एरवी पंधरा दिवस असलेली पोलीस कोठडी तीस दिवसांपर्यंत जाऊ शकते. नियमित जामिनासाठी सरकारी वकिलाचं म्हणणं ऐकून न्यायालयाची दोन बाबतींत खात्री पटावी लागते: आरोपी दोषी नसल्याचं मानायला वाजवी कारण आहे, आणि बाहेर आल्यावर तो गुन्हा करणार नाही. ही अट कडक आहे. पण तेलगी मुद्रांक घोटाळ्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितलंय की तिचा अर्थ जामिनाच्या टप्प्यावरच आरोपीला निर्दोष ठरवायचं असा नाही, एकूण शक्यता तोलून बघायची. खटला वर्षानुवर्षं उभा राहत नसेल तर संविधानाच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्कावर उच्च न्यायालय जामीन देऊ शकतं, विशेष कायद्याची अट आडवी आली तरी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या नजीब प्रकरणातलं तत्त्व ते आहे.

दोन तारखा भिंतीवर लिहून ठेवा. पहिली, पहिल्या रिमांडपासूनचा, म्हणजे न्यायालयाने पहिल्यांदा कोठडी दिली त्या दिवसापासूनचा, नव्वदावा दिवस. तोपर्यंत दोषारोपपत्र आलं नाही आणि मुदतवाढही मिळाली नाही, तर जामीन हा हक्क होतो, पण त्यासाठी त्याच वेळी अर्ज करावा लागतो. दोषारोपपत्र आल्यानंतर आठवण झाली तर उपयोग नाही. दुसरी, मुदतवाढीची सुनावणी. सरकारी वकिलाच्या अहवालावर ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढू शकते, आणि त्या अहवालात तपास कुठवर आला, आणखी वेळ नेमका कशासाठी हवा, हे असावं लागतं. त्या वेळी आरोपीला प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवरून हजर करून, काय चाललंय ते सांगावं लागतं. गुजरातच्या अशाच कायद्याखालच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये, आरोपींना हजर न करता दिलेली मुदतवाढ बेकायदा ठरवून त्यांना जामीन दिला. गुजरातचा कायदा मोक्क्याच्याच धर्तीवर आहे, त्यामुळे हा निकाल तुमच्या वकिलाच्या फाईलमध्ये असायलाच हवा.

एक विचारून घ्या. पोलीस कोठडीत त्याचा कबुलीजबाब घेतलाय का? एरवी पोलिसांसमोरची कबुली पुरावा होत नाही. मोक्क्यात पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याने घेतलेली होते. नंतर आरोपीला मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नेतात, आणि मारहाण झाली असेल तर तिथे सांगायचं असतं. वीस वर्षांच्या पोराला हे कुणी सांगितलेलं नसतं. तो मान खाली घालून ‘काही तक्रार नाही’ म्हणतो आणि खाली सही होते. मला या कायद्यातलं सगळ्यात जास्त टोचणारं कलम हेच.

शिक्षेचंही सांगून ठेवते, घरच्यांना अंधारात ठेवण्यात अर्थ नाही. कुणाचा मृत्यू झाला नसेल तर किमान पाच वर्षं, कमाल जन्मठेप, आणि दंड किमान पाच लाख. नुसतं सदस्य असणं सिद्ध झालं तरी तेवढंच. म्हणून दुव्यावर इतका जोर देते आहे. मोक्का गेला तरी खुनाच्या प्रयत्नाचा खटला राहीलच, आणि त्याला भाच्याला तोंड द्यावंच लागेल. पण तो त्याने स्वतः केलेल्या गोष्टीपुरता असेल.

---

भुसार बाजार

वकीलबाई बरोबर सांगत असतील, मला कायद्यातलं कळत नाही. पण दुसरी बाजू कुणीतरी लिहायला हवी म्हणून लिहितो.

माझं धान्याचं दुकान आहे. आमच्या ओळीतली दुकानं अनेक वर्षं दर महिन्याला हप्ता देत होती. घ्यायला भाई कधीच येत नसे. येणारी पोरं अठरा-वीस वर्षांचीच, ताईंच्या भाच्याएवढी. एक गाडी चालू ठेवून बाहेर थांबायचा, दुसरा आत यायचा. गाडीवर बसलेल्याच्या हातात कधी काही नसे. पण तो तिथे थांबला नसता तर आतला इतक्या बिनधास्त आला असता का? शेजारच्याने एकदा नकार दिला, त्या रात्री त्याच्या टेम्पोच्या काचा गेल्या. आम्ही तक्रार दिली की ती पोरं आठवडाभरात जामिनावर बाहेर, आणि दुकानासमोर येऊन चहा पीत उभी. बोलायची काही नाहीत, नुसती बघायची. माझी बायको तेव्हा गल्ल्यावर बसणं सोडून घरी राहायला लागली.

मोक्का लागला तेव्हा पहिल्यांदा ती टोळी खरोखर आत राहिली. जबाब द्यायला आम्ही तयार झालो तेही तपास अधिकाऱ्याने सांगितलं म्हणून, की या कायद्यात साक्षीदाराचं नाव-पत्ता गुप्त ठेवता येतो आणि सुनावणीही बंद खोलीत होऊ शकते. नाहीतर आमच्यातला एकही गेला नसता. आज बायको पुन्हा गल्ल्यावर बसते.

ताई, तुमच्या घराचं दुःख मला कळतं. माझाही मुलगा त्याच वयाचा आहे. पण गाडी चालवणारा म्हणजे कुणीच नाही, हे मला मान्य करता येत नाही.

---

निवृत्त निरीक्षक

दोन्ही प्रतिसाद वाचले. मी पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झालो, मोक्क्याचे प्रस्ताव लिहिले आहेत, म्हणून थोडं.

हा कायदा आला तेव्हाची मुंबई आठवते. टाडा हा दहशतवादविरोधी कायदा १९९५ मध्ये संपला होता. जानेवारी १९९७ मध्ये कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांचा खून झाला, त्याच ऑगस्टमध्ये गुलशन कुमार यांचा. बिल्डर, हॉटेलवाले, सिनेमावाले, कुणालाही परदेशातून फोन यायचा. पकडलेला शूटर जामिनावर सुटायचा आणि साक्षीदार फुटायचे. त्या परिस्थितीत फेब्रुवारी १९९९ मध्ये आधी अध्यादेश आणि मग कायदा आला. पुढे दिल्लीने तो घेतला, कर्नाटकाने २००० मध्ये त्याच धर्तीवर स्वतःचा केला. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेतही कलम १११ मध्ये संघटित गुन्हेगारी आली आहे, आणि कलम ११२ मध्ये छोटी संघटित गुन्हेगारी. म्हणजे उद्या मोक्का काढून टाकला गेला तरी १११ येतंय का, हे वकिलाने बघून ठेवावं.

बनवला होता मोठ्या टोळ्यांसाठी, वापरला जातो गल्लीतल्या टोळीवरही, हे खरं आहे. मी तो वापरला आहे आणि त्याची मला खंत नाही. तडीपारी करून बघितली होती. पोलीस अधिनियमाच्या कलम ५५, ५६, ५७ खाली दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर काढता येतं. पण तडीपार माणूस शेजारच्या तालुक्यात राहून फोनवर टोळी चालवतो आणि रात्री घरी जेवायला येतो. एमपीडीए या धोकादायक व्यक्तींविरुद्धच्या प्रतिबंधक कायद्याखाली वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करता येतं, पण तो एकट्या माणसापुरता. टोळी म्हणून हात घालायला मोक्काच लागतो. भुसार बाजार यांच्यासारखी माणसं तोपर्यंत तोंड उघडत नाहीत.

पण प्रस्ताव लिहिताना मी एक पाळत आलो आणि हाताखालच्यांनाही सांगत आलो. टोळीप्रमुखाच्या गुन्ह्यांचा तक्ता भक्कम असला की खालच्या पोरांची नावं त्याच्या आधाराने आपोआप मंजूर होतात, आणि तिथे हात सैल पडतो. प्रत्येक नावासाठी वेगळा परिच्छेद हवा. हा मुलगा टोळीसाठी काय करतो? हप्ता आणतो, हत्यार ठेवतो, पळून आलेल्याला लपवतो, की नुसता त्या रात्री होता? चार ओळी लिहिता येत नसतील तर त्याला मूळ कलमांवर ठेवावं. दोषारोपपत्राच्या वेळी अपर पोलीस महासंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते, त्या टप्प्यावरही काही नावं वगळता येतात. तपास सहायक पोलीस आयुक्तांकडे असतो. मुलाच्या वडिलांनी हजेरीपट आणि पगाराचे कागद अर्जासोबत तपास अधिकाऱ्याला रीतसर द्यावेत आणि पोच घ्यावी. दोषारोपपत्र जाण्याआधी. काही होईलच असं नाही, पण कागद फाईलला लागतो.

---

भोरची लेक

सगळ्यांचे आभार. भावाला रात्रीच फोन केला, सही केलेली नाही. वहिनी म्हणाली, ‘त्यांना नाही म्हटलं तर घरावर येतील’. भीती तीच आहे. उद्या मी स्वतः त्याच्यासोबत विधी सेवा प्राधिकरणात जाते आहे.

भुसार बाजार काका, तुमचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. तुमचं चुकलं असं मला म्हणता येणार नाही. भाचा सुटून आला तर त्याला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवणार आहे.

एक विचारायचं राहिलं. त्या आठ जणांत एक सतरा वर्षांचा आहे, भाच्याच्या मित्राचा धाकटा भाऊ. त्याला निरीक्षणगृहात ठेवलंय. त्याच्या आईला कुणीतरी सांगितलंय की त्याच्यावरही मोक्का आहे आणि मोठ्यांसारखा खटला चालेल. ती बाई जेवत नाहीये. तिला काय सांगू?

---

वकीलबाई

घरावर आले किंवा फोन आला तर तारीख-वेळ लिहून ठेवा, फोन रेकॉर्ड करा आणि तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा. ‘आम्ही त्यांचा वकील नाकारला म्हणून धमकी येते आहे’ हा अर्ज सुरक्षेसाठी तर आहेच, शिवाय हा मुलगा आणि त्याचं घर टोळीपासून वेगळं आहे याचा पुरावाही होतो. आधी तोंडी आणि मग लेखी असं नको, पहिल्यापासून लेखीच.

भुसार बाजार, गाडीवर थांबणारा म्हणजे कुणीच नाही, असं मी म्हणणार नाही. तुमच्या ओळीत दर महिन्याला येऊन थांबणारा पोरगा टोळीतलाच आहे आणि त्याच्यासाठी मी उभी राहिले तरी हे मला ठाऊक असेल. ताईंचा भाचा त्यातला आहे की एका रात्रीपुरता, हे कुणीतरी निवांत बसून बघावं, एवढंच माझं मागणं आहे. तुमच्या शेजाऱ्याच्या टेम्पोच्या काचा फोडणाऱ्याला सोडा, असं मी कुठल्याच कोर्टात म्हटलेलं नाही.

आता त्या आईला सांगा. मुलगा घटनेच्या दिवशी अठरा पूर्ण नसेल तर त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढेच जाईल, मोक्क्याच्या विशेष न्यायालयात ढकललं जाणार नाही. जन्माचा दाखला किंवा शाळेचा दाखला आजच काढून ठेवा. मोठ्यांसारखा खटला चालवायचा की नाही हे ठरवायची प्राथमिक तपासणी फक्त सोळा ते अठरा वयोगटातल्या मुलांची आणि फक्त ‘घोर’ गुन्ह्यांतच होते. घोर म्हणजे ज्याची किमान शिक्षा सात वर्षं किंवा जास्त आहे तोच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवलंय. खुनाच्या प्रयत्नाला अशी किमान शिक्षा नाही. कुणाचा जीव गेला नसेल तर मोक्क्यातली किमान शिक्षाही पाच वर्षंच आहे. पण एक गोष्ट नीट तपासा. मोबाईल आणि पैसे काढून घेतले म्हणालात ना? प्राणघातक हत्यार वापरून जबरी चोरी किंवा दरोडा, म्हणजे न्याय संहितेचं कलम ३११, लावलंय का? त्याला किमान सात वर्षं आहेत. ते असेल तर तपासणी होऊ शकते, आणि मग त्या मुलाने स्वतः हत्यार वापरलं का, हा मुद्दा पहिल्या दिवसापासून मांडायला हवा.

मुलांच्या बाबतीत जामीन हाच नियम आहे. तो नाकारायची जी मोजकी कारणं कायद्यात आहेत, त्यातलं एक म्हणजे सुटल्यावर मूल गुन्हेगारांच्या संगतीत पडण्याची शक्यता. मंडळ त्याच कारणावर अडेल, कारण घर त्याच वस्तीत आहे. तेव्हा आईने मंडळापुढे जाताना दुसरा पत्ता घेऊन जावं. मामाकडे, गावी, आत्याकडे, जिथे शाळा किंवा कामाची सोय लागेल तिथे. ज्याच्याकडे राहणार त्याला सोबत न्यावं आणि त्याचं हमीपत्र द्यावं. परिविक्षा अधिकारी घरी येऊन अहवाल लिहितो, त्याच्यापासून काही लपवू नका.

आणि तिच्या वकिलाला बाल न्याय कायद्याचं कलम ८३ दाखवा. लहान मुलांना बेकायदा कामांसाठी वापरणाऱ्या प्रौढाला किंवा टोळीला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड आहे. न्याय संहितेच्या कलम ९५ मध्येही मुलांकडून गुन्हा करून घेणाऱ्याला तीन ते दहा वर्षं आहेत. सतरा वर्षांच्या पोराच्या हातात कोयता कुणी दिला, हे शोधून ही कलमं त्याच्यावर लावा, असा अर्ज आई तपास अधिकाऱ्याकडे देऊ शकते. मी तरी असे अर्ज फार कमी पाहिले आहेत, कारण आया घाबरतात. निरीक्षक साहेब, तुमच्या ओळखीचं कुणी अजून सेवेत असेल तर या दोन कलमांची आठवण करून द्या.

ताई, उद्या प्राधिकरणात जाताना एफआयआर, रिमांडचे कागद आणि अटकेची तारीख सोबत न्या. दोन महिने झाले म्हणालात, म्हणजे नव्वदावा दिवस जवळ आलाय. वकील नेमला गेला की मुदतवाढीचा अर्ज आलाय का, हे त्याला त्याच दिवशी बघायला सांगा.